८४० ओळींची मेथड फोडतोय, तुकड्यांना नावं सुचत नाहीयेत

पायवाट | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, इथे कोड लिहून पोट भरणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. मी कोल्हापूर भागात दूध संस्थांचं संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही सगळे मिळून चौघं. सॉफ्टवेअर जावात आहे, बारा-तेरा वर्षांचं जुनं, ज्याने मूळ लिहिलं तो कधीच सोडून गेलाय आणि फोन उचलत नाही.

त्यात 'प्रोसेस बिल' नावाची एक मेथड (नाव देऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा) आहे. ८४० ओळी. काय करते म्हणाल तर सगळंच करते. दर दहा दिवसांनी सभासदाच्या सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या काढायच्या, काट्यावरच्या किलोचं लिटर करायचं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) बघून दरपत्रकातून दर काढायचा, मग पशुखाद्याची उधारी, उचलीचा हप्ता, अजून काय काय कापायचं आणि शेवटी बिल छापायचं. वरती एकदाच टी१, टी२, टी३, फ्लॅग, फ्लॅग२ असे व्हेरिएबल (किंमत ठेवायचे नावाचे डबे) घोषित केलेत आणि ते शेवटपर्यंत वापरलेत. टी२ कुठे दर असतो, कुठे कपात असते, एका ठिकाणी तर चक्क छपाईची ओळ कितवी आहे ते असतं.

आता एका नवीन संस्थेला दहाऐवजी पंधरा दिवसांनी बिल पाहिजे आणि म्हशीच्या दुधाला वेगळं दरपत्रक. मी दोन ठिकाणी हात लावला तर तिसरीकडे उचलीचे हप्ते डबल कापले गेले. साहेबांनी महिनाभर वेळ दिलाय, "एकदाचं सरळ कर ते" म्हणाले.

मी एक्स्ट्रॅक्ट मेथड (तुकडा उचलून त्याची वेगळी मेथड करणं) करत सुटलोय पण तुकड्यांची नावं बघा: 'प्रोसेस पार्ट टू', 'हँडल स्पेशल', 'डू कॅल्क नवीन'. मलाच लाज वाटतेय. कुणी असं काम केलंय का, सुरुवात कुठून करू?

निवांत_गडी | रात्री १०.५२

सुरुवात राजीनाम्यापासून करतात.

ताकभात | रात्री ११.१५

गप रे निवांत.

पायवाट, पहिली गोष्ट, टेस्ट आहेत का? नसणारच. मग नावाबिवाचं नंतर बघ, आधी जाळी बांध. तुझ्याकडे सोन्यासारखी गोष्ट आहे, जुनी बिलं. मागच्या तीन महिन्यांच्या पाळ्यांच्या नोंदी घे, जुन्या कोडमधून बिलं काढून फाइलमध्ये टाक, आणि प्रत्येक तुकडा पाडल्यावर नवीन कोडमधून तीच बिलं काढून पैशापर्यंत जुळव. बिल बरोबर आहे की चूक हा प्रश्न आत्ता नाही, काल जे येत होतं तेच आज येतंय का एवढंच बघायचं. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणारा मायकेल फेदर्स याला कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतो. मी दोन वर्षांपूर्वी विम्याच्या प्रीमियमच्या कोडवर असंच केलं होतं, तेव्हा ह्या जाळीमुळेच नोकरी टिकली.

सेमीकोलन_काका | बुधवार, सकाळी ६.२०

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. ८४० ओळी ही काही मरणाची गोष्ट नाही. आम्ही १९९१ साली बँकेसाठी कोबोल लिहायचो, तीन-तीन हजार ओळींचे प्रोग्रॅम असत आणि रात्रीची बॅच बिनबोभाट चालायची. वरून खाली वाचत जायचं, कादंबरीसारखं. हल्लीच्या पोरांचा कोड वाचायला घेतला की एका मेथडमधून दुसरीत, दुसरीतून पाचवीत, पाचवीत बघावं तर दोनच ओळी, आणि परत येईपर्यंत मी कशासाठी गेलो होतो तेच विसरलेलो असतो. किल्ल्या शोधायला आतल्या खोलीत जाऊन नुसतं उभं राहतो ना माणूस, तसं.

तेव्हा तुकडे पाडायचे म्हणून पाडू नका. नावं सुचत नाहीयेत याचा अर्थ चुकीच्या जागी सुरी लावताय.

मधली_सुट्टी | सकाळी ९.०५

मला नोकरी लागून सात महिनेच झालेत म्हणून विचारते, नक्की किती ओळींची मेथड असावी? आमच्याकडे एक सर म्हणतात वीस, दुसरे म्हणतात स्क्रीनवर मावली पाहिजे. माझी स्क्रीन उभी लावलीये, तिच्यावर नव्वद ओळी मावतात

झिरोइंडेक्स | सकाळी ९.४०

@मधली_सुट्टी उभ्या स्क्रीनचं बेस्ट :)

लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये एक-दोन स्क्रीन असंच लिहिलंय, पण ती स्क्रीन ८० बाय २४ ची धरलीये, म्हणजे जास्तीत जास्त पन्नासेक ओळी. आणि त्यातच पुढे आहे की आत गुंतागुंत जेवढी जास्त तेवढी मर्यादा कमी. नुसता एक लांबलचक स्विच असेल आणि प्रत्येक केसमध्ये छोटंसं काहीतरी, तर लांब चालेल. त्याहून कामाचा नियम त्याच भागात आहे, लोकल व्हेरिएबल पाच-दहाच्या वर जायला नकोत, माणसाच्या डोक्यात साधारण सातच गोष्टी एकावेळी राहतात म्हणून. मी ओळी मोजतच नाही, व्हेरिएबल मोजतो. चेकस्टाइल नावाच्या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये मेथडच्या लांबीची मर्यादा काही सांगितलं नाही तर १५० असते, ती अगदीच ढिली आहे, तिच्यात कोणीही बसतं.

काकांच्या बाजूने एक सांगतो. जॉन कारमॅकने २००७ साली एका ईमेलमध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की एकदाच बोलावली जाणारी फंक्शनं वेगळी काढण्यापेक्षा सरळ एकाखाली एक लिहा, म्हणजे काय कधी घडतं तो क्रम डोळ्यांसमोर राहतो. गेम आणि रॉकेटचा कोड लिहिलेला माणूस आहे, उगाच बोलत नव्हता. त्याचा मुद्दा स्टेटचा, म्हणजे कोड चालताना बदलत राहणाऱ्या माहितीचा होता. तुकडे पाडलेत पण सगळे तुकडे आतून एकच सामायिक डबा उघडतायत, तर तुम्ही गुंता फक्त लपवलात.

पायवाट, तुझा टी२ तोच डबा आहे.

पायवाट | दुपारी १.३०

डबा खाता खाता वाचतोय. काका, झिरो, दोघांचं पटलं. पण काका, कादंबरीसारखं वाचता येत नाहीये हो हे, प्रत्येक पानावर पात्रांची नावं बदललीत.

ताकभात, जाळी बांधली. तीन महिन्यांची म्हणजे नऊ बिलं, ४१२ सभासद, ३७०८ बिलं. जुन्या कोडमधून सगळी काढून ठेवली, पावणेदोन मिनिटं लागतात.

मग पहिला तुकडा पाडायला गेलो. किलोचं लिटर करायचं ते सोपं वाटलं, तीनच ओळी, वजन भागिले १.०३. ह्याच तीन ओळी मेथडमध्ये पाच जागी होत्या. 'किलोचे लिटर' नावाची मेथड केली, पाचही जागी लावली, टेस्ट चालवली आणि ३७०८ पैकी साडेतीन हजारावर बिलं चुकली!!

तासभर डोकं धरून बसलो. पाचपैकी चार जागी भागाकारानंतर दोन दशांशापर्यंत राउंड केलेलं होतं, पाचव्या जागी नव्हतं, आणि रक्कम काढताना नेमकी ती पाचवी वापरली जाते. उदाहरण देतो, काट्यावर ७.४ किलो. त्याचे होतात ७.१८४५ लिटर. दर ३४.२० धरला तर २४५ रुपये ७१ पैसे. आधीच राउंड करून ७.१८ केले तर २४५ रुपये ५६ पैसे. पंधरा पैशांचा फरक, एका पाळीला. दहा दिवसांच्या वीस पाळ्या, आणि शेतकरी माणूस वहीत लिहून ठेवतो, त्याला कळतं.

म्हणजे छापायचे लिटर वेगळे आणि पैशाचे लिटर वेगळे. आता दोन मेथड केल्यात, 'किलोचे लिटर' आणि 'छापायचे लिटर'. दुसरी पहिलीला बोलावते आणि राउंड करते. सगळी बिलं जुळली.

उंबरठा | दुपारी २.१०

मी टेस्टर. आज पहिल्यांदा कुणीतरी डेव्हलपर टेस्ट पडली म्हणून आनंदाने लिहिताना बघितला, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

फक्त एक, पाचही जागा एकदम बदलू नकोस. एक जागा, टेस्ट, कमिट (बदलाची नोंद). मग दुसरी. मग चुकलेलं कुठे चुकलं ते शोधायला तास लागत नाही.

सेमीकोलन_काका | दुपारी ४.००

हे छान झालं. 'छापायचे लिटर' हे नाव मला आवडलं, कारण ते वाचून मला दूध संस्थेतलं काही न कळता सुद्धा कळलं की दोन प्रकारचे लिटर आहेत. आमच्याकडे पॅराग्राफना, म्हणजे कोबोलमधल्या तुकड्यांना, नावं असायची आणि पुढे आकडे, २१०० व्याज काढा, २२०० व्याज जमा करा असे, म्हणजे लिस्टिंगच्या कागदात कुठे सापडेल ते कळावं. मी म्हटलं खरं तीन हजार ओळी वरून खाली वाचायचो, पण आता आठवतंय की वर एक पानभर नुसते परफॉर्म, परफॉर्म, परफॉर्म असायचे, म्हणजे त्या पॅराग्राफना हाका. म्हणजे आम्ही पण तेच करत होतो की. म्हातारपणी आठवणीतल्या ओळी वाढतात.

निवांत_गडी | दुपारी ४.०५

काकांनी माघार घेतली, धागा बंद करा, सरबत वाटा

ताकभात | दुपारी ४.३०

काका _/\_

पायवाट, एक खड्डा आधीच दाखवून ठेवते कारण मी त्यात पडलेय. तुमच्यात स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) आहे का? असेल आणि तू कपातीचा भाग वेगळ्या मेथडमध्ये काढून तिच्या डोक्यावर ट्रान्झॅक्शनल (सगळ्या नोंदी पडतील नाहीतर एकही नाही, अशी खूण) लावलंस, आणि तिला त्याच क्लासमधून बोलावलंस, तर ते ट्रान्झॅक्शनल सुरूच होत नाही. स्प्रिंग बाहेरून येणाऱ्या कॉलला मध्ये प्रॉक्सी (मधला दलाल) उभा करतं, घरातल्या घरात मारलेली हाक त्या प्रॉक्सीपर्यंत जातच नाही. दिसायला सगळं नीट, कंपाइल होतं, टेस्ट पण पास होतात, आणि मग एखाद्या दिवशी मध्येच एक्सेप्शन येतं, अर्ध्या नोंदी पडलेल्या असतात आणि अर्ध्या नसतात. आमच्याकडे रविवारी रात्री झालं होतं हे. अशी मेथड वेगळ्या क्लासमध्ये ठेव, किंवा ट्रान्झॅक्शन वरच्या मेथडवरच राहू दे.

मधली_सुट्टी | संध्याकाळी ६.२०

पण एवढ्या छोट्या छोट्या मेथड केल्या की स्पीड कमी नाही का होणार? कॉलेजमध्ये शिकवलं होतं की फंक्शन कॉलला खर्च असतो

झिरोइंडेक्स | संध्याकाळी ७.०५

मी स्टुटगार्टला एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, तिथे कधी कधी हा खर्च खरंच मोजावा लागतो. पण जावात चित्र उलटं आहे. जावा कोड चालवणारं हॉटस्पॉट जेव्हीएम छोट्या मेथड स्वतःच बोलावणाऱ्याच्या आत चिकटवून टाकतं. ३५ बाइटपर्यंतच्या बाइटकोडची (जावा कंपाइलरमधून निघालेल्या कोडची) मेथड असेल तर सहज, आणि सारखी सारखी बोलावली जाणारी असेल तर साधारण ३२५ पर्यंत. उलट ८००० बाइटच्या वर गेलेली मेथड जिट (चालता चालता यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग) कंपाइलच करत नाही, ती कायम इंटरप्रिटरमध्ये, एकेक सूचना वाचत, रखडत चालते. आणि ६४ केबीच्या वर जावा कंपाइलरच हात वर करतो, 'कोड टू लार्ज' म्हणून.

पायवाट, ८४० ओळी म्हणजे तू त्या ८००० च्या आसपास किंवा पुढेच असशील बघ. तुकडे पाडून झाल्यावर वेळ मोज, गंमत म्हणून.

पायवाट | गुरुवार, रात्री ११.५०

आज खरी मजा आली, निवांत लिहितो.

साधारण पाचशेव्या ओळीपासून पुढे चाळीस ओळींचा एक ब्लॉक आहे, वर कॉमेंट फक्त "स्पेशल केस". फ्लॅग तीन असेल तर लिटरमागे पन्नास पैसे वजा करायचे, एका वेगळ्या टेबलात भरायचे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर भलतंच काहीतरी. एक्लिप्समध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) तो सिलेक्ट करून एक्स्ट्रॅक्ट मेथडसाठी ऑल्ट शिफ्ट एम दाबलं तर ते म्हणालं, ह्या तुकड्यात एकाहून जास्त व्हेरिएबल बदलतायत, कुठलं परत करू? म्हणजे त्यालाही कळेना. मी दोन दिवस ह्या ब्लॉकचं नाव 'हँडल स्पेशल' च्या पुढे नेऊ शकलो नव्हतो.

शेवटी एका संस्थेच्या सचिवांना फोन लावला, आमचे सगळ्यात जुने कस्टमर. म्हटलं आण्णा, लिटरला पन्नास पैसे कशाचे कापता तुम्ही? ते म्हणाले, "आवो ती ठेव न्हवं का. वर्सभर कापायची आन् दिवाळीला दरफरकासंगट परत द्यायची. सभासदाला विचारा की, शेंबडं पोरगं सांगंल."

बारा वर्षं हा शब्द आमच्या कोडमध्ये कुठेच नव्हता! फ्लॅग तीन!

एकदा 'ठेव' शब्द मिळाला आणि ब्लॉक आपोआप सुटला. त्यात तीन कामं होती, ठेव किती कापायची ते काढणं, ठेवीच्या खात्यात जमा करणं आणि दिवाळीच्या बिलात ठेव परत देणं. दोन व्हेरिएबल का बदलत होती ते पण कळलं, एक कापल्याचं, एक परत दिल्याचं. आता तीन मेथड झाल्या. त्यातली पहिली नुसता आकडा काढते, कुठे काही लिहीत नाही, ती कितीही वेळा बोलावली तरी चालतं. आधी बिल नुसतं बघायला प्रिव्ह्यू मारला तरी ठेव जमा व्हायची, आणि मग सपोर्टला फोन यायचे की ठेव जास्त दिसतेय. दोन वर्षं आम्ही ती हाताने दुरुस्त करत होतो.

मग मी आण्णांना चाळीस मिनिटं धरून ठेवलं आणि त्यांच्याकडून बिल कसं काढतात ते तोंडाने वदवून घेतलं, जणू कॉम्प्युटर नाहीच आणि वहीवर काढायचंय. ते बोलले तेच आता वरच्या मेथडमध्ये आहे. खऱ्या कोडमध्ये मराठी शब्द रोमन अक्षरांत आहेत, इथे वाचायला सोपं पडावं म्हणून असं लिहितो:

बिल काढ (सभासद, कालावधी)
— नोंदी = पाळ्यांच्या नोंदी आण (सभासद, कालावधी)
— दुधाची रक्कम = दुधाची रक्कम काढ (नोंदी, दरपत्रक)
— उधारी = पशुखाद्याची उधारी (सभासद, कालावधी)
— हप्ता = उचलीचा हप्ता (सभासद, दुधाची रक्कम)
— ठेव = ठेव कपात (नोंदी)
— हातात पडणारी रक्कम = दुधाची रक्कम वजा उधारी वजा हप्ता वजा ठेव

'हातात पडणारी रक्कम' हे आण्णांचं. आधी 'नेट अमाउंट फायनल टू' होतं.

सेमीकोलन_काका | शुक्रवार, सकाळी ६.१०

वाचलं. दोनदा वाचलं. ह्याला मी कादंबरी म्हणेन.

ताकभात | सकाळी ९.३०

भारी. पण मराठी नावं कोडमध्ये? उद्या तुमच्या टीममध्ये कुणी हैदराबादचा आला तर 'ठेव कपात' त्याला काय कळणार? आमच्याकडे कोड रिव्ह्यूत हे पासच होणार नाही.

पायवाट | सकाळी ९.५०

विचार केला यावर. 'डिपॉझिट डिडक्शन' लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं बँकेचं डिपॉझिट. इंग्रजीत ह्या ठेवीला नावच नाहीये, मी जे करीन ते माझं भाषांतर, आणि पुढचा माणूस त्या भाषांतराचं परत भाषांतर करत बसणार. सचिवांचा फोन आला की ते 'ठेव' म्हणणार, मी कोडमध्ये 'ठेव' शोधणार, सापडणार. हैदराबादच्याला एकदा समजावून सांगायला पाच मिनिटं. बाकी तांत्रिक नावं इंग्रजीतच आहेत, आण, काढ हे सगळं 'गेट', 'कॅल्क्युलेट'च आहे खऱ्या कोडमध्ये. खिचडी आहे, मान्य.

निवांत_गडी | सकाळी १०.००

जावाला देवनागरी नावं चालतात, माहितीये ना? व्हेरिएबलचं नाव सरळ मराठीत लिहा. मी कॉलेजात लिहिलं होतं. सर म्हणाले चालतंय पण मार्क कुठे देऊ.

उंबरठा | सकाळी ११.२०

माझं मत ताकभातच्या विरुद्ध. बग रिपोर्टमध्ये कस्टमर जो शब्द वापरतो तोच कोडमध्ये असला की माझा अर्धा वेळ वाचतो. आमच्याकडे कस्टमर 'पावती' म्हणतो, सपोर्ट 'रिसीट' म्हणतं, कोडमध्ये 'व्हाउचर' आहे आणि डेटाबेसमध्ये 'डॉक टाइप ७'. चार माणसं एकाच कागदाबद्दल भांडत असतात.

झिरोइंडेक्स | दुपारी १.१५

उंबरठा +१. आमच्याकडे जर्मन शब्द तसेच ठेवतात, करप्रणालीतले तर हमखास, कारण भाषांतर केलं की कायद्यातला नेमका अर्थ निसटतो.

ताकभात | दुपारी १.४०

ठीक आहे, हरले. पण दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस म्हणून सांगते. आमच्या एका सहकाऱ्याला ही लागण झाली होती. प्रत्येक इफ बाहेर काढायचा, दोन-दोन ओळींच्या साठ मेथड, नावं अशी की वाचताना धाप लागावी, 'रिकामं नाही आणि वैध आहे आणि चालू आहे का'. हे नाव नव्हे, आतल्या ओळीचं कीर्तन आहे. नाव वाचून आत जावं लागणार नसेल तरच बाहेर काढायचं. मार्टिन फाउलर म्हणतो ते मला पटतं, की कोड काय करतोय हे कळायला क्षणभर थांबावं लागलं तर काढा बाहेर, आणि नाव 'कसं' वरून नाही, 'काय' वरून द्या. मग ती मेथड एका ओळीची झाली तरी चालेल. १९९९ च्या त्याच्या 'रिफॅक्टरिंग' (वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारणं) ह्या पुस्तकात एक्स्ट्रॅक्ट मेथड होतं, २०१८ च्या आवृत्तीत उदाहरणं जावास्क्रिप्टमध्ये आली म्हणून ते एक्स्ट्रॅक्ट फंक्शन झालं, बाकी औषध तेच.

आणि पॅरामीटर (मेथडला बाहेरून दिलेल्या गोष्टी) मोज. नऊ पॅरामीटर घेणारी मेथड निघाली तर तुकडा चुकीच्या जागी पडलाय, नाहीतर त्या नऊ गोष्टी मिळून एक वस्तू आहे जिला अजून नाव मिळालेलं नाही.

पायवाट | दुपारी २.००

नेमकं! 'दर काढ' ला वजन, फॅट, एसएनएफ, गाय की म्हैस, पाळी, तारीख असं सगळं जात होतं. आता 'पाळीची नोंद' नावाचा एक क्लास केलाय, तो एकच जातो.

मधली_सुट्टी | दुपारी २.२५

मी पण आज ऑफिसात एक मेथड फोडली, पंचावन्न ओळींची. सरांनी रिव्ह्यूत विचारलं की गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) आता सगळीकडे तुझंच नाव दिसतंय, मूळ कोणी लिहिलं ते कसं कळणार. मला उत्तर देता आलं नाही :(

ताकभात | दुपारी २.४०

सांग त्यांना, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतं. रिफॅक्टरिंगच्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे. पण त्यासाठी त्या कमिटमध्ये फक्त रिफॅक्टरिंगच हवं, जाता जाता बग पण सुधारला असं नको.

पायवाट | रविवार, रात्री ९.१५

जाता जाता बग सुधारण्यावरून ताजा प्रकार.

शेवटचा मोठा तुकडा एसएनएफच्या कपातीचा होता. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरतात, त्याखाली एसएनएफ गेला की पॉइंटमागे दर कमी. मेथड बाहेर काढली, टी२ गेला, त्याजागी साधं 'कपात' आलं, आतल्या आत शून्यापासून सुरू होणारं. टेस्ट चालवली तर २३ बिलं जुळेनात. कुणाला एक रुपया चाळीस पैसे जास्त, कुणाला साठ पैसे, पण नवीन कोडमध्ये सगळ्यांना जास्तच, एकालाही कमी नाही.

त्या २३ बिलांच्या पाळ्या एकाखाली एक लावल्या. सगळ्यांत दोनच तारखा सामाईक. आण्णांना विचारलं तर त्या दोन्ही संध्याकाळी लाइट नव्हती आणि मशीन बंद होतं. अशा वेळी फॅट आधीच्या पाळीचं बघून हाताने घालतात आणि एसएनएफ रिकामा सोडतात, कपात करत नाहीत, तो नियमच आहे. जुन्या कोडमध्ये एसएनएफ रिकामा असेल तर कपातीचा ब्लॉक वगळला जायचा, पण टी२ शून्य करायचं राहिलेलं. म्हणजे सकाळच्या पाळीची कपात टी२ मध्ये पडून असायची आणि तीच संध्याकाळच्या दुधालाही लागायची. सात लिटरला वीस पैसे, एक चाळीस. ज्यांची सकाळची कपात शून्य त्यांना काही फरकच नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता प्रश्न असा की मी काय करू? नवीन कोड बरोबर आहे पण जुन्यासारखा नाही.

उंबरठा | रात्री ९.३०

जुन्यासारखं कर. आत्ता चूक जशीच्या तशी ठेव, रिफॅक्टरिंग पूर्ण कर, ३७०८ च्या ३७०८ जुळव, रिलीज कर. मग वेगळं तिकीट (कामाची नोंद), वेगळा कमिट, सचिवांना सांगून दुरुस्ती. नाहीतर उद्या तिसरंच काही चुकलं तर तुला कळणार नाही की हा तोच फरक आहे की नवीन.

सेमीकोलन_काका | रात्री ९.४५

उंबरठा यांचं बरोबर आहे. फक्त तिकीट काढून विसरू नका. त्या साठ पैशांचे मालक आहेत.

पायवाट | मंगळवार, रात्री १०.०५

केलं तसंच. चूक एका वेगळ्या मेथडमध्ये ठेवली, नाव 'आधीच्या पाळीची कपात ओढ', वर कॉमेंटमध्ये तारीख आणि तिकीट नंबर. सगळी बिलं जुळली. झिरो, वेळ पण मोजला, पावणेदोन मिनिटांचं ३८ सेकंदांवर आलं, त्यात तुझ्या ८००० चा वाटा किती आणि मी पाळ्यांची क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लूपबाहेर काढली त्याचा किती ते सांगता येणार नाही, बहुतेक क्वेरीचाच.

मग आज आण्णांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते गप्पच झाले थोडा वेळ, मग म्हणाले, "मंजी आजवर कितीजणांचं किती गेलं, सांगता यील का?"

आठ दिवसांपूर्वी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. बिल काढल्याशिवाय कपात काढताच यायची नाही आणि बिल काढलं की ठेव जमा व्हायची. आता 'एसएनएफची कपात' एकटी बोलावता येते. पाच वर्षांच्या नोंदी तिच्यातून काढल्या, एकदा जुन्या चुकीसकट, एकदा चुकीशिवाय, फरक काढला. ह्या एका संस्थेत ६८ सभासद, मिळून ६१२ रुपये. सगळ्यात जास्त एका मावशींचे, ३१ रुपये, त्यांच्या गायीचा एसएनएफ कायम कमी लागतो.

आण्णा म्हणाले यादी छापून द्या, दिवाळीच्या दरफरकात घालतो. यादीच्या कॉलमला काय मथळा देऊ विचारलं तर म्हणाले, "ऱ्हायल्याले पैसे".

मेथडचं नाव पण तेच दिलंय. बाकीच्या संस्थांची यादी उद्या काढतो, साहेबांना अजून सांगायचंय.

निवांत_गडी | रात्री १०.१२

साहेबांना सांगितल्यावर राजीनाम्याचं काय ठरलं ते कळव

मधली_सुट्टी | रात्री १०.२०

पायवाट दादा, त्या ओढण्याच्या मेथडचं तिकीट बंद केलं का?

पायवाट | रात्री १०.२६

नाही, अजून उघडंच आहे. दहा तारखेचं बिल झालं की काढतो ती मेथड.